क्लेमोचा भिडू

कॉर्नवॉलच्या धक्क्यावरच्या जुन्या पबात दर मंगळवारी पत्त्यांचे सामने रंगतात. पाहुण्या संघाची वेना सायडरसाठी काउंटरपाशी ताटकळत होती. यजमानांच्या म्हाताऱ्या हेडलीच्या टेबलावरचे गुण तिने घरून निघतानाच आपल्या बाजूला धरले होते. तिच्या पुढेच यजमानांचा कप्तान पास्को आणि हेडलीचा भिडू क्लेमो दबक्या आवाजात बोलत होते. वेनाने निवांत कान लावला.

"आज हेडलीला बसव बाजूला, क्लेमो. हरलो तर खालच्या गटात जाऊ."

"मग मला भिडू कोण?"

"माझा पुतण्या. निदान हुकूम कोणता ते त्याच्या लक्षात राहतं."

"हेडलीच्याही राहतं."

"हो तर! गेल्या मंगळवारी तुझ्याच जिंकणाऱ्या एक्क्यावर सगळ्यात वरचा जोकर वाया घालवला त्यानं. दोनदा!"

"तीनदा. तू बिअर आणायला गेला होतास."

"अरे बाबा, तो आता सुधारणार नाही. डॉक्टरच म्हणालेत."

"एकतीस वर्षं माझ्यासमोर बसतोय तो. तो उठला तर मीही उठतो. मग शोध दोघं."

"धमकी देतोस?"

"देतोय."

तेवढ्यात हेडलीची बायको हेस्टर गर्दीतून वाट काढत आली.

"क्लेमो, तो विचारतोय, आज माझा भिडू कोण?"

"सांग ना, मी आहे म्हणून."

"सांगितलं रे. तर म्हणतो, क्लेमो फार वरचा खेळाडू, माझ्यासारख्याला घेईल का?"

क्लेमोने ग्लास खाली ठेवला.

"त्याला म्हणावं, क्लेमोनं कप्तानाकडे तुलाच मागून घेतलंय."

"आणि कप्तान हो म्हणाला," पास्को म्हणाला, "तेही सांग."