गुरांच्या तळ्यात गणपती

मी मूळची नागपूरची जी, महालातली. लग्न होऊन इकडे चँडलर शहरात आले, ह्यांची कॉम्प्युटरच्या चिपच्या कंपनीत नोकरी होती, ती दोन हजार एकच्या मंदीत गेली, ग्रीन कार्ड होतं म्हणून निभावलं, मग वाळवंटातल्या या गावात पेट्रोल पंप अन् त्याला लागून असलेलं दुकान चालवायला घेतलं. गाव म्हणजे काय सांगू तुम्हाला, एक रस्ता, एक चर्च, अन् तांब्याची बंद पडलेली खाण. खाण बंद झाली तसं निम्मं गाव उठून गेलं, राहिले ते गुरं पाळून राहिले.

इथलं सगळं चालतं ते गुरांच्या तळ्यावर. आमच्या शेजारची रोझामावशी, म्हातारी बाई, तिच्या वडिलांनी खाणीतल्या लोकांबरोबर ते पहारीनं खोदलं. पावसाचं जे काय पडेल ते त्यातच, वर्षभर गुरं त्यावरच. उन्हाळ्यात अख्खं गाव मिळून गाळ काढतं अन् मग चर्चमागे सगळ्यांचं जेवण. पहिल्या वर्षी मी नुसती बघत उभी होते तर मावशीनं हातात फावडं दिलं, म्हणाली इथंच राहतेस ना तू. तेव्हापासून मी या गावची झाले.

अन् मी काय करून ठेवलं बघा. गेल्या वर्षी चँडलरच्या आपल्या लोकांना फोन केला, टबमध्ये काय विसर्जन करता यार, आमच्याकडे खरं तळं आहे, या. आले सगळे, ताशा, गुलाल, इंडियातून आणलेली प्लास्टरची मूर्ती, हारांसकट सोडली. पोरगी म्हणत होती, मॉम, आर वी अलाउड? मी म्हटलं गप बस. पाणी दिसलं की देव सोडायचा, आपल्याला एवढंच माहीत, कुणाला तरी विचारावं हे डोक्यातच आलं नाही.

पाण्यावर रंगाचा तवंग आला, गुरं तोंड लावेनात. गावानं तळं पंपानं उपसलं, वर्षाचं पाणी वाळूत सोडून दिलं, शहरातून टँकर मागवले. मला कुणी चकार शब्द बोललं नाही, बोलले असते तर बरं झालं असतं. उलट तळाशी मूर्ती सापडली ती रोझामावशीनं धुतली, मोडलेला हात चिकटवला अन् टॉवेलात गुंडाळून दुकानात घेऊन आली. म्हणे तुझा देव पाण्यात पडला होता, बिचारा.

लाजेनं मेल्यासारखं झालं मला. म्हटलं पडला नाही मावशी, आम्हीच बुडवला, आमच्यात असंच त्याला घरी पाठवतात.  तर मावशी म्हणाली, म्हणजे मी त्याला अर्ध्या वाटेतून परत आणला, चुकलंच माझं, चल, माझ्या अंगणातलं पिंप कालच टँकरनं भरलंय, त्यात पाठव त्याला.

मी नको म्हटलं. मूर्ती तेव्हापासून काउंटरमागे आहे, गिऱ्हाइकं तिला हाय करून जातात. यंदा पाऊस बरा झाला, तळं भरलंय, पण मी त्याला वळसा घालून लांबून जाते. बाप्पाला रोज एवढंच म्हणते, या लोकांना पाणी कमी पडू देऊ नको रे, माझ्याकडे नाही बघितलंस तरी चालेल.