दवाखान्यातली वहाणांची रांग

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. एक विचारतो. रांगेत आधी आला त्याचा हक्क मोठा, की ज्याचा जीव घाबरा झालाय त्याचा? ...सगळे 'दुसऱ्याचा' म्हणालात! शाबास! आता ऐका.

आपल्या गावात डॉक्टर एकच – मुळे डॉक्टर. नऊला येणार, बाराला तालुक्याला जाणार. नंबर कसा लावायचा? आपली पद्धत ठरलेली! उजाडताच जायचं, भिंतीकडेने वहाणांचा जोड लावायचा आणि घरी येऊन चहा प्यायचा. हसता काय? तुम्हीच लावता! आणि नियम कडक – दुसऱ्याच्या जोडाला हात लावायचा नाही!

मागच्या गुरुवारी वस्तीवरची शीतल घुगे आली. नवरा ट्रकवर, परमुलखात. कडेवर तीन वर्षांची ओवी. तीन दिवसांचा ताप, पोर डोळे उघडेना. बघते तर काय – चौदा जोड रांगेत, माणूस एकही नाही! 'लेकीला आधी जाऊ द्या' म्हणणार कुणाला? वहाणांना? तिने पंधरावा जोड लावला आणि अनवाणी बसली.

कंपाउंडर भानुदास म्हणाला, "ताई, ज्याचा नंबर आहे तो हो म्हणाला, तर सोडतो आत."

नंबर पुकारला की मालक यायचा. तिने प्रत्येकाला विचारलं. एकाला ड्युटी होती, एकाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. असं करत अकरावा जोड आला – कोल्हापुरी, डाव्या अंगठ्याला लाल दोरा. घड्याळात साडेअकरा. मालक आंघोळ करून, गंध लावून आलेला. घसा बसलेला.

"दादा, पोरगी लई तापलीय हो!"

त्याने ओवीकडे बघितलं. बघितलं, बरं का! म्हणाला, "मी सहापासून रांगेत आहे, बाई. पाच मिनिटांत येतो. तोवर नामस्मरण करा."

तो कुठे होता सहापासून? वहाणा होत्या!

आत घसा तपासून झाला पाच मिनिटांत. मग गप्पा! सप्ताहाचा मंडप, काल्याची पंगत – "डॉक्टर, यायचं हं!" बारा वाजले. डॉक्टर घाईने उठले आणि मागच्या दाराने गाडीत बसले. पुढच्या दारात कोण बसलंय, त्यांना ठाऊकच नव्हतं. भानुदास बाहेर दाराशी; सांगणारा एकच माणूस आत होता. त्याने सांगितलं नाही.

शीतल रिक्षाने तालुक्याला निघाली. वाटेत ओवीला झटका आला. चार दिवस सलाईनवर होती पोर. वाचली, मंडळी! काल घरी आली.

"कोण तो माणूस? नाव सांगा, महाराज!"

सांगतो की. त्या वहाणा आत्ता याच देवळाच्या पायरीवर आहेत, लाल दोऱ्यासकट. आणि त्या घालणारा तुमच्यापुढे उभा आहे.

...पायरीकडे बघताय? बघा.

काल गेलो होतो शीतलकडे. हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "महाराज, नंबर नव्हता द्यायचा, तर नसता दिला. डॉक्टरांच्या कानावर तरी घालायचं." मला फार लाज वाटली. अजून वाटते.

बाकीचे तेरा जोड कुणाचे, मी विचारत नाही. बाहेर पडाल तेव्हा आपापले ओळखून पायात घाला. आणि उद्या दवाखान्यात लावलेत, तर शेजारी त्याच्या मालकानेही बसायचं!

माझा घसा कसा मोकळा झालाय, ऐकताय ना? हा आवाज ओवीच्या वेळेतून आलाय, मंडळी. म्हणून आज देवाचं नाव तुम्ही घ्या. मी खाली बसून ऐकतो.