एका तासाचा शोध

आमच्या अभिलेखागारात तासाच्या हिशेबानं फी भरली की जुने कागद तिथले कर्मचारीच शोधून देतात. माझ्या हद्दीच्या नकाशासाठी मी खिडकीपाशी ताटकळत होतो. पुढे एक म्हातारी होती, पिशवी पोटाशी धरून. खिडकीतली बाई तिला सांगत होती,

"मावशी, तासाभराची फी भरलीत, पण शोधावं लागलंच नाही. तुम्ही सांगितलेल्या तारखेची ही फाइल आधीच एकदा निघाली होती."

"कुणी काढायला लावली?"

"तुम्ही अनाथाश्रमात ठेवलेल्या त्या मुलानंच. मोठा झाल्यावर आईचा शोध घेत होता."

"अगं बाई! आला होता तो? कसा दिसतो गं?"

"पत्रानं विचारलं होतं. झाली बरीच वर्षं."

"मग मी कशी सापडले नाही? मी तर जन्मभर इथंच आहे."

"आश्रमाच्या नोंदीत आईचं नाव दुसरंच आहे, मावशी."

"खोटं सांगितलं ना मी! वडील शेजारीच बसलेले. म्हणाले, घराण्याचं नाव कुठं यायला नको. समोर कॅलेंडरवर कुणा दुकानवालीचं नाव होतं, तेच दिलं ठोकून. जाऊ दे. त्याचा पत्ता दे मला."

"तिथून गेलाय तो. कालच चौकशी केली. कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाही."

"निदान काय विचारलं होतं, ते तरी सांग."

"'या नावाची बाई खरंच होती का? एवढंच कळवा.'"

"मग? काय कळवलंत?"

खिडकीतली बाई फाइलची दोरी गुंडाळत राहिली.

"मीच लिहिलं होतं उत्तर. नव्हती म्हणून."

"बरोबरच लिहिलंस, पोरी."