आटलेला घाम

“बायांनो, उन्हाळ्यात घाम आला तर घाबरू नका, अंग तापून घाम आटला तर घाबरा,” असं लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, तेव्हा बी.एस्सी. झालेली रेणुका हसली होती. घाम आटला तर पावडर तरी वाचेल!

आज लातूरच्या बसस्टँडवर, बाळाला मांडीवर घेऊन, ती रेणापूरच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकड्यावर दोघी जावा बोलत होत्या.

“अक्का, आत्याबाईचं अंग तव्यावानी तापलंय हो.”

“साखरपुड्याला आपण निघालो की तापतंयच ते!”

“घामाचा थेंब न्हाई.”

“म्हणून तर दोन गोधड्या घातल्या. घाम फुटला की ताप उतरतो, एवढी अक्कल न्हाई तुला?”

“पत्र्याखाली? पंखाबी गरम हवा मारायलाय.”

“मग कूलर आणू का महाराणीला?”

“मला पार्वती म्हणून हाक मारल्या. ती तर त्यांची मेलेली बहीण.”

“नाटकी हाय म्हातारी, आन् तू भोळी!”

रेणुका वळली. “मावशी, त्यांच्याजवळ कोण हाय?”

“कुलूप हाय! तू कोण गं, डॉक्टरीण? आपलं लेकरू सांभाळ.”

निलंग्याची गाडी लागली. थोरलीनं धाकटीला दंडाला धरून वर चढवलं.

“गाव तरी सांगा!”

“चाकूर!” धाकटी खिडकीतून ओरडली. “बाजाराच्या मागं, निळं दार! गुरम्मा म्हणून इचारा!”

“गप बस, बावळट!”

रेणुकानं अँब्युलन्सला फोन लावला. चाकुरात तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं पत्ता बोलून पाठवला.

“कुणी त्या बाजूला असाल तर अँब्युलन्सच्या आधी पोचा. कुलूप तोडा, गोधड्या काढा, अंगावर पाणी ओता. आन् त्यांनी पार्वती म्हटलं तरी ओ द्या.”