नाव बाहेर ठेवून जा

दगडाबाई : पगार दिऊन खाल्लं तुमी माझं पोर. फुकट खाल्लं आसतं तर कुनी चोर तरी म्हनलं आसतं. तुमी पगार दिऊन खाल्लं, म्हनून समदे तुमाला सायब म्हनतेत.

साहेब : बाई, आधी बसा. तुमचा चंद्रभान हा काय समोर लिंबाखाली उभा आहे, चांगला धडधाकट. खाल्लं काय म्हणता?

दगडाबाई : उभा हाय. तेच म्हनायले मी. नुस्ता उभाच हाय. माय गाडी घिऊन आली, त्येनं मान वळवली न्हाई. बैल सोडले, चारा खाऊन झाला, बसून रवंथ करायलेत. त्यो तसाच हाय.

भुजंग : बाई, जरा अदबीनं. सायब कॉलेजातून आलेत. हितं कापसाच्या जिनिंगवर पोरायला धाडनारे तेच.

दगडाबाई : मंजी धाडनारे हेच? बरं झालं, घरोघर हुडकायला नको. आन तू कोन?

भुजंग : मी भुजंग. हितला बायलरवाला. चंद्रभान माझ्याच हाताखाली कामाला.

दगडाबाई : हाताखाली व्हता, तवा त्यो हात कुठं ठिवला व्हतास रं?

साहेब : त्याला बोलू नका. मला विचारा. इंजिनेरीची सनद पाहिजे तर निम्मं साल वर्गात आणि निम्मं साल कारखान्यात, असा आमचा कायदा आहे. कारखान्यातल्या कामाचा पगार मिळतो. अख्ख्या निजाम रियासतीत हे नवं आहे. नुसता किताबी इंजिनेर काय कामाचा?

दगडाबाई : चांगलंच हाय की. मीच गावात सांगत फिरले, माझ्या पोराला शिकतानाच पगार भेटायलाय म्हनून. आमची बायनाबाई म्हनली, दगडे, शिकवनारा पैसा घेत आसतो. देनारा काय तरी इकत घेत आसतो. मी तिला चेटकीन म्हनले. आज वापस जाऊन तिच्या पाया पडनार हाय. पोराला घिऊन.

साहेब : तसं नेता येणार नाही. मुद्दत संपलेली नाही. आज नेलंत तर साल वाया गेलं, सनद गेली.

दगडाबाई : सनद तुमी घ्या, चुलीला घाला. मला एक सांगा, ह्या लेकराला झालं काय?

साहेब : थकलाय. रुईची धूळ, गरमी. हवापालट झाली की—

दगडाबाई : ए भुजंगा, तू सांग. ह्येंचं तोंड कॉलेजाचं हाय.

भुजंग : मी काय सांगू, बाई? माझी भाकर हाय हितं.

दगडाबाई : माझं लेकरू हाय हितं. सांग.

भुजंग : ह्यो बायलर बघा. लोखंडाचं मोठं पीप म्हना. खाली जाळ, आत पानी, वाफंवर समदी जिनिंग चालती. हितलं पानी खारं. आतून खपल्या धरतेत. मग बायलर गार करायचा, ह्या वरच्या भोकातून आत सरकायचं आन हातोडीनं खपल्या झाडायच्या. अंगानं बारीक मानूस लागतो. कॉलेजाची पोरं बारीकच आसतेत.

दगडाबाई : खायला दिलं तर जाड व्हतील. फुडं?

भुजंग : आत काळाकुट्ट अंधार. बाहेरच्यानं घडीघडी हाक मारायची, आतल्यानं ओ द्यायची. ओ थांबली की पाय धरून वढायचं. पन आतल्याला त्येच्या नावानं हाक मारायची न्हाई. नाव बाहेर ठिवून जायचं.

दगडाबाई : ते कसं?

भुजंग : टोपी काढून त्या खुंटीला आडकवायची. म्हनायचं, माझं नाव हितं हाय. मग आत जायचं. आत आसंल तवर बाहेरून हाक मारायची, मुंजाजी, मुंजाजी. बाहेर आला की टोपी डोक्यावर ठिवायची आन मग खऱ्या नावानं बोलवायचं.

दगडाबाई : मुंजाजी कोन?

भुजंग : ह्येंच्याच कॉलेजाचा. पयल्या साली आलेला.

साहेब : तो मुलगा काम सोडून पळाला. घरी कळवलं होतं आम्ही.

भुजंग : सायब, त्यो कुठं पळंल? त्यो आत व्हता. वरून हुकूम आला, आजच्या आज चालू करा. हाक मारनारा दुसरीकडं बोलवला. कुनी तरी झाकन लावलं, पानी सोडलं, खाली जाळ घातला. मी तिकडं प्रेसवर गठानी बांधायलो व्हतो. भोंगा वाजला. लय येळ वाजला. आमी पळत आलो तर भोंग्याच्या तारेला कुनाचाच हात न्हाई, आन त्यो वाजायलाच.

दगडाबाई : माय माय माय!

भुजंग : तवापासून आत त्येचंच नाव घ्यायचं. त्येला त्येचं नाव भेटत ऱ्हायलं की त्यो दुसऱ्याचं मागत न्हाई. किती पोरं आली, गेली. कुनाला काय झालं न्हाई.

साहेब : जहालत आहे ही! निव्वळ अडाणीपणा!

दगडाबाई : जहालत काय त्यात? माझ्या आधी माझ्या मायचं एकबी लेकरू जगलं न्हाई. म्हनून मला दगडा म्हनले. मरन इचारत आलं तर सांगायचं, हितं लेकरू न्हाई बाबा, दगूड हाय. ते ऐकून वापस गेलं. मी जगले, म्हाताऱ्या वयात तुमाला शिव्या द्यायला. नावाचं मला शिकवू नका.

भुजंग : परवा सायब तपासायला आले. चंद्रभान आत व्हता. मी हाक मारायलो व्हतो, मुंजाजी म्हनून.

साहेब : मग मी ते बंद केलं. का करू नये? उद्याचा इंजिनेर आहे तो. त्याच्या बापानं ठेवलेलं चांगलं नाव आहे, आणि तुम्ही त्याला एका मेलेल्याच्या— पळालेल्याच्या नावानं हाका मारता!

दगडाबाई : मेलेल्याच्या म्हनलात, सायब.

साहेब : जीभ घसरली.

दगडाबाई : घसरली न्हाई. तेवढा एकच पाय तिचा जमिनीवर पडला. भुजंगा, फुडं.

भुजंग : सायबानं भोकात डोकं घातलं आन वरडले, चंद्रभान! चंद्रभान! म्या हात धरला त्येंचा, नका म्हनलं. मला बाजूला सारलं.

साहेब : आणि त्यानं ओ दिली. लगेच. हे का नाही सांगत?

भुजंग : दिली की. तुमी हाक थांबवली तरी देतच व्हता. तुमीच म्हनला, लोखंड हाय, घुमतंय.

साहेब : घुमतंच.

भुजंग : मग त्यो बाहेर निघाला. म्या टोपी डोक्यावर ठिवली, नाव घेतलं. माझ्याकडं बघितलंच न्हाई त्येनं. भोकाकडं बघत ऱ्हायला, आत काय तरी इसरल्यावानी.

दगडाबाई : मघाशी मी जवळ गेले. डोळ्यावर रुईचा तंतू बसलेला, पापनी हालत न्हाई. म्या फुकून काढला. हातात भाकर दिली, ती तशीच धरलीय, बघा. लहानपनी मनगटावर इळा लागला व्हता, त्याची खून जिथल्या तिथं हाय. अंग माझ्या पोराचंच हाय. अंग न्हाई म्हनायले का मी?

साहेब : मग घेऊन जा! जा, नेऊन टाका. साल गेलं तर गेलं. भुजंग, झाकण आवळलंय ना? चल, भट्टी पेटव. दोन दिवस फुकट गेले.

भुजंग : कालच आवळलंय, सायब. पन पेटवायचं म्हनलं की हात चालत न्हाई.

दगडाबाई : मी बसले बघ भट्टीच्या तोंडाला. घाल जाळ.

साहेब : बाई, उठा! जर्मनीची लढाई चाललीय. तंबूच्या कापडाला रुई पाहिजे. वरून हुकूम आहे.

दगडाबाई : मुंजाजीच्या येळीबी वरूनच आला व्हता. ह्यो वरचा हाय तरी कोन? नाव काय त्येचं?

साहेब : नाव कसलं? हुकूम हुकूम असतो.

दगडाबाई : आसं! मंजी त्येनंबी आपलं नाव बाहेरच ठिवलंय. टोपी आडकवून आलाय शाना. आत जायाला तेवढी आमची लेकरं.

साहेब : भुजंग, उठव यांना.

भुजंग : माझ्यानं न्हाई व्हनार.

साहेब : ठीक. मग असं करू. बाई, तुमचा मुलगा तो तिथं उभा आहे. त्याला हाक मारा. आईची हाक आहे, वळेल तो. वळला की तुम्ही उठायचं, त्याला न्यायचं आणि आम्हाला आमचं काम करू द्यायचं. कबूल?

भुजंग : बाई, नका. नाव घिऊ नका त्येचं हितं. पाया पडतो. गाडीत घाला, फाट्याच्या फुडं जावा, मग काय ते घ्या.

दगडाबाई : आन फाट्याच्या फुडं बी न्हाई वळला तर? माघारी तुमी पेटवलेलं आसंल. न्हाई. हितंच कळू दे. ... चंद्रभान! आरं चंद्रभान, माझ्या राजा, चल बाबा घरला!

(लिंबाखालचा मुलगा हलत नाही, त्याचे ओठ मिटलेले आहेत. आवळलेल्या बॉयलरच्या आतून त्याचा आवाज येतो : “आलो, माय. टोपी कुठाय माझी?”)

साहेब : घुमतं... लोखंड आहे... घुमतं.

भुजंग : त्यो तर बोललाच न्हाई, सायब. मग घुमलं काय?

दगडाबाई : थांब रं भुजंगा. सायब, हिकडं बघा. तुमी लय शिकलेले, दुसऱ्याची लेकरं शिकवनारे. माझी गाडी जुपायची हाय, तुमची भट्टी पेटवायची हाय. ह्यातल्या कोनत्याला मी गाडीत घालू, आन कोनत्याखाली तुमी जाळ घालनार हाव? खाली नका बघू. हुकूम तुमचा, हाक तुमची. बोला.