आधी जेव, मग शिकव

अरे, गोव्यातली आमच्या पाळी गावची खाण बंद पडली नि माझा ट्रक उभाच ऱ्हायला. केरीच्या हॉटेलाला ड्रायव्हर हवा होता, पण पाहुण्यांशी इंग्लिश बोलणारा. म्हणून लेकीनं मला कॉम्प्युटरसमोर बसवला. इंटरनेटवरनं परदेशातली एक बाई शिकवायची. ती विचारायची, मी घुम्यासारखा गप्प.

एकदा लेक म्हणाली, "बाबा, तिकडे पहाट झालीय. बाई काय न खाताच शिकवायला बसतात."

माझं डोकंच सटकलं. उपाशी माणसाकडून कोण काम करून घेतो काय? ओरडलोच, "यू नो ईट? गो! फर्स्ट ईट, देन टीच!"

बाई दचकली, मग हसत टाळ्या वाजवायला लागली.

"बाबा, इंग्लिश बोललात!"

"गप गो! बोललो नाय, झापली तिला."

उद्या हॉटेलवाल्यानं बोलावलंय. त्यानं फक्त मला राग आणावा, नोकरी माझीच!