फिरत्या वहीतली शंका

१९८३ साल. पालमच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. गावोगावच्या सहा जणांची एक वही एसटीनं फिरायची. एकानं गोष्ट लिहायची, बाकीच्यांनी खाली अभिप्राय. ती वही धुरपताबाईंच्या मांडीवर उघडी होती.

"मनकर्णा, माणिकरावानं तुझ्या गोष्टीखाली काय लिहिलंय, वाचलंस का?"

"वाचलं की आक्का. 'गोष्ट उत्तम. यजमानांनी लिहून दिली काय?'"

"आन व्यंकटरावाला बी तीच शंका! दोन वर्षं ह्या दोघांच्या गोष्टी वाचायलोत आपण. कवा इचारलं का, तुमच्या बायकूनं लिहिली का म्हनून?"

"न्हाई."

"मला तर ही वहीच फाडावी वाटायलीय!"

"फाडू नका. पान उलटा, मी उत्तर लिहिलंय."

"'माझ्या मालकाला लिहिता-वाचता येत न्हाई.' अगं बाई! तुझ्या मालकाला काय वाटंल?"

"त्यांनाच आधी वाचून दाखवलं. लय चिडले."

"तुझ्यावर?"

"त्या दोघांवर. म्हनले, आन ती वही इकडं."

"मंग?"

"खाली बघा की. त्यो अंगठा त्यांचाच हाय."